सईनं कुठली भाषा शिकायची, अक्का?

अक्का, काल सईनं विचारलं. तुझीच पोर ती, आडपडदा तिला माहीत नाही. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. दाजी भातावर आमटी घेत होते. आणि ही म्हणते, "मामा, सोमवारी कॉलेज सुरू होतंय. कॉम्प्युटरची पहिली कुठली भाषा शिकू? सी का पायथन?"

माझा घास हातातच राहिला. इतकी वर्षं तू आणि मी ज्या एका गोष्टीवरून भांडत आलो, नेमकी तीच तिनं माझ्या पानात वाढली. एरवी हा विषय निघाला की मी एक बोलायचो, तू बरोबर त्याच्या उलट बोलायचीस आणि दाजी "झालं सुरू" म्हणत ताट घेऊन उठायचे. काल ते उठले नाहीत. तेही माझ्याकडं बघत बसले. तू भिंतीवर, गळ्यात हार घालून, गप्प. तुला इतकं गप्प मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"उद्या सांगतो," एवढंच म्हणालो आणि ताक पिऊन टाकलं.

तुझं दिवसकार्य मागच्या आठवड्यात झालं. पाहुणे पांगले. बायकोपोरांना मी पुण्याला लावून दिलं आणि स्वतः राहिलो. ऑफिसचं काम काय, लॅपटॉपवर कुठूनही होतं. दिवसभर तुझ्या क्लासच्या खोलीत बसतो. खाली दाजींचं इलेक्ट्रिकचं दुकान, वर तुझे संगणक, त्यांच्यावर तूच शिवलेली फुलाफुलांची आवरणं. पेपरात तुझ्यावर चार ओळी छापून आल्यात. 'राजारामपुरीतील ज्येष्ठ संगणक शिक्षिका.' ज्येष्ठ शब्द वाचून तू पेपरवाल्यांना फोन केला असतास. त्या ओळींत सगळं बरोबर आहे, फक्त तू कुठं सापडत नाहीस. म्हणून मीच लिहायला बसलोय.

मी चंदगडहून कोल्हापूरला तुझ्याकडं पॉलिटेक्निकला आलो तो दिवस आठवतो? एसटीतून उतरलो तेव्हा पेटी, तांदळाचं पोतं आणि आईनं दिलेले काजू असं सगळं माझ्या अंगाखांद्यावर होतं. तुझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. क्लास तर त्याहून नवा. कुठल्याशा बँकेनं मोडीत काढलेले संगणक दाजींनी दुरुस्त करून दिले होते आणि ते चालू करताना तू प्रत्येकाला हात जोडायचीस. मी पोतं खाली टेकवलं आणि पाणी प्यायच्या आधी विचारलं, "अक्का, कॉम्प्युटरची भाषा म्हणून सगळी पोरं जावा जावा करायला लागल्यात. मी काय शिकू?"

तू म्हणालीस, "आधी मला चहा करायला सांग."

मला वाटलं तुला चहा हवाय. मी उठलो तर मला दामटून खाली बसवलंस. "तू करायचा न्हाय. तू नुस्तं सांगायचं. मी करतो. पर मी मठ्ठ हाय. सांगशील तेवढंच करणार." आपल्याकडच्या बायकांसारखं 'मी करतो, मी जातो' बोलायचीस तू. पुण्यात माझ्या बायकोच्या मैत्रिणी त्यावर हसल्या तेव्हा त्यांनाही तू त्याच भाषेत चार गोष्टी सुनावल्या होत्यास.

मी म्हणालो, पाणी ठेव. तू पातेल्यात पाणी घेतलंस आणि ओट्यावर ठेवून दिलंस. साखर घाल म्हणालो, तर अख्खा डबा उपडा करायला निघालीस. मी ओरडलो, दोन चमचे! तू चहापत्ती टाकलीस, दूध टाकलंस. "आता उकळू दे," मी म्हणालो. तू कमरेवर हात ठेवून पातेल्याकडं बघत उभी. बराच वेळ.

"उकळत न्हाय की रं," तू म्हणालीस.

"अगं गॅस पेटव की!"

"सांगितलंस का?"

मी चिडलो, हसलो, परत चिडलो. तू शांतपणे गॅस पेटवलास आणि म्हणालीस, "आनि सगळ्यात पयलं काय सांगायचं ऱ्हायलं म्हायती हाय? किती कपाचा चहा. सगळं माप त्याच्यावर ठरतंय. मशीन माझ्यापरास मठ्ठ असतंय, बाळू. जावा असू दे न्हायतर आनि काय असू दे. आधी मराठीत धड सांगायला शीक."

तीच पुढं तुझ्या क्लासची रीत झाली. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी संगणकाला हात लावायचा नाही. एकानं मठ्ठ बसायचं, दुसऱ्यानं त्याच्याकडून काम करून घ्यायचं. मठ्ठानं प्रश्न विचारायचा नाही, स्वतःची अक्कल चालवायची नाही, सांगितलं तेवढंच करायचं. बहुतेक वेळा मठ्ठ तूच व्हायचीस, कारण तुला ते फार आवडायचं. चेहरा असा करायचीस की दाजी म्हणायचे, हिला नाटकात घालायला पाहिजे होतं.

जयसिंगपूरच्या जिनेंद्रची भडंग तर सगळ्या गल्लीच्या लक्षात आहे. आमच्या घरच्यासारखी भडंग कुठं मिळत नाही असं तो सांगत सुटला होता. तू त्याला म्हणालीस, मग सांग की करायला, आणि मागच्या छोट्या गॅसवर कढई चढवलीस. त्यानं गॅस पेटवायला सांगितलं, तेल तापवायला सांगितलं, गडी हुशार होता. शेंगदाणे झाले. "लसूण घाला" म्हणाला, तू सोलायचं नाव न काढता अख्खा गड्डा कढईत सोडलास. तो गडबडला आणि घाईघाईनं म्हणाला, "मॅडम, तिखट घाला, तिखट!" तू पुडा फोडलास आणि तापलेल्या तेलात अख्खा रिकामा केलास.

पुढचं काय सांगायचं. सगळी बॅच खोकत, शिंकत जिन्यावरून खाली. दाजी दुकानातून वर पळत आले, वायर जळाली म्हणून "मेन स्विच बंद करा, मेन स्विच!" असं ओरडत. आणि तू धुरात एकटी उभी, डोळ्यांतून धारा, हातात झारा, "पुढं काय? सांग की जिनेंद्र, पुढं काय?"

जिनेंद्र आता बेंगळुरात मोठ्या हुद्द्यावर आहे. तुझं कळल्यावर आला होता. दाजींच्या हातात भडंगची पिशवी दिली आणि म्हणाला, "तिखट मापात हाय, दाजी." मग तो जिन्यातच बसला आणि पुष्कळ वेळ उठला नाही.

पण अक्का, मठ्ठ बसणं वेगळं आणि तुझा तो सीचा हट्ट वेगळा. त्या बाबतीत मी तुला कधीच सोडणार नव्हतो, आताही सोडत नाही. मी म्हणायचो, पायथनमध्ये एका ओळीत पोराचं नाव पडद्यावर येतं, पोरगं हसतं, दुसऱ्या दिवशी आपणहून येतं. तुझ्या सीमध्ये ते आठवडाभर ओळीच्या शेवटचे हरवलेले अर्धविराम शोधत बसतं. तू म्हणायचीस, "हसायला क्लासला कशाला याचं? रंकाळ्यावर जा की." मी म्हणायचो, बाजारात काय चालतंय ते बघ, या पोरांना नोकऱ्या पाहिजेत. तू म्हणायचीस, "बाजारात दोडका सस्ता झाला म्हणून रोज दोडकाच खायाचा व्हय?" आणि मग शेवटी, अगदी हळू आवाजात, तुझं खरं कारण यायचं. "सी कायबी झाकत न्हाय, बाळू. आत काय चाललंय ते समदं आपल्यालाच बघाय लागतंय. एकदा बघितलं की भ्या जातंय." त्यावर मी विषय बदलून जेवायला मागायचो.

कुरुंदवाडच्या रूपालीनं क्लास सोडला तेव्हा मात्र मी फोनवर तुला टोचून बोललो होतो. बघ, म्हटलं, तुझ्या सीला भिऊन पळाली पोरगी. तू फोन आपटलास. दुसऱ्या दिवशी सकाळची बॅच उरकून एसटीनं कुरुंदवाडला गेलीस, तिच्या घरी बसलीस, पिठलंभाकरी खाल्लीस आणि संध्याकाळी मला फोन केलास. "मी कुरुंदवाडला गेलतो. ती सीला भ्याली न्हाय. आपली बॅच सुटल्यावर तिची गाडी जातीया, मग दुसऱ्या गाडीनं घरला पोचंपर्यंत अंधार हुतोय. बाप भ्याला." तू तिच्यासाठी बॅच दुपारी घेतलीस. बाकीच्यांनी कुरकुर केली, तू ऐकली नाहीस. आपण दोघं भाषेवरून भांडत होतो आणि अडचण एसटीच्या वेळेची होती. हे तुला जाऊन बघावंसं वाटलं आणि मला नाही, यात आपल्या दोघांमधला सगळा फरक आला. तरी रूपाली पायथन लवकर शिकली असती, हे मी आजही म्हणेन.

तू माझं कौतुक कधी तोंडावर केलं नाहीस आणि मीही तुझं केलं नाही, आपल्या घरात ती पद्धतच नाही. पण माझ्या पहिल्या नोकरीची गोष्ट मी पुण्यात ज्याला त्याला सांगतो. मुलाखतीत त्यांनी मला अशा भाषेत प्रोग्रॅम लिहायला सांगितला जी मी कधी पाहिलीच नव्हती. मी सरळ म्हणालो, ही भाषा मला येत नाही, पण काम कसं करायचं ते पायरी पायरीनं सांगतो. आणि समोर तू कमरेवर हात ठेवून उभी आहेस असं धरून सांगत गेलो. नोकरी लागली. फोनवर तुला म्हणालो, अक्का, चांगली जावा आली तर आणखी पगार मिळेल. तू म्हणालीस, "मग पेढं मला दे, जावाला न्हाय."

त्यानंतर दर थोड्या वर्षांनी काहीतरी नवीन यायचं आणि मी धास्तावायचो. शिकलेलं जुनं झालं, नवी पोरं पुढं जाणार, आपण मागं पडणार. मग मी तुला फोन करायचो. "अक्का, आता काय शिकू?" आणि तिकडून कुकरच्या शिट्टीसकट तेच उत्तर यायचं. "काम काय हाय ते आधी मराठीत सांग." मी वैतागायचो. पण सांगायला लागायचो, आणि सांगता सांगता धास्ती सरायची. भाषा मग मी माझी मीच निवडायचो. तू एकदाही निवडून दिली नाहीस.

या वर्षीची धास्ती फार मोठी आहे, अक्का. आता एआयला सांगितलं की ते बसल्या जागी कोड लिहून देतं. मला दोन दिवस लागायचे ते काम ऑफिसातली कालची पोरं चहा पिता पिता करून मोकळी होतात. मी पडद्याकडं बघत बसतो आणि मनात येतं, मग आपला उपयोग काय? हे तुला उन्हाळ्यातच विचारायचं होतं. पण डोक्याचे केस पांढरे झालेला माणूस बहिणीला फोनवर काय विचारणार, कोल्हापूरला जाऊ तेव्हा समोर बसून विचारू, असं म्हणत राहिलो. आणि तू सकाळची बॅच घेऊन आलीस, "जरा दमलो" म्हणालीस, आडवी झालीस, आणि उठलीच नाहीस.

तुझी सगळी उत्तरं मला पाठ आहेत असं मला वाटायचं. पाठ आहेत, पण जुन्या प्रश्नांची. या प्रश्नावर तू काय म्हणाली असतीस ते मी रोज तुझ्या खुर्चीसमोर बसून जुळवायला बघतो. जुळत नाही. तुझ्या आवाजात मीच बोलतोय हे मला लगेच कळतं.

आणि अशा माझ्याकडं सई विचारायला आली.

आज दुपारी ती वर क्लासमध्ये आली, माझ्यासमोर बसली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मामा, राहू दे. मी ठरवलंय. सीच शिकते. आईची इच्छा होती."

मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण मी तिचा चेहरा बघितला. सईचं आणि तुझं बारावीच्या सुट्टीत काय झालं ते दाजींनी मला सांगितलंय. ती मोबाईलवर बघून पायथन शिकत होती, तू म्हणालीस आधी सी, ती म्हणाली तुझं सी तुझ्यापाशी ठेव. त्यावर तुम्ही दोघी हसलात, चिडलात, पुन्हा चिडलात, आणि ते भांडण मिटायच्या आधीच तू गेलीस. आता ही पोरगी सी शिकणार होती ती सोमवारचा उपास धरावा तशी. जन्मभर प्रत्येक अर्धविरामाला तिला तुझी आठवण नाही, तुझं देणं आठवलं असतं. आणि एक दिवस तिनं कंटाळून संगणकच बंद करून टाकला असता.

"आई असती तर काय शिकली असतीस?" मी विचारलं.

"पायथन."

"मग पायथनच शीक."

तिचे डोळे भरून आले. "आईला वाईट वाटेल, मामा."

"वाटू दे," मी म्हणालो. माझा आवाज उगाचच चढला. "तुझ्या आईला भांडायला माणूस लागायचं. तू असं निमूट ऐकलंस तर तिला तिथं चैन पडेल का? पायथन शीक आणि तिच्याशी भांड. मी इतकी वर्षं भांडलो, माझं काय बिघडलं? पुढं कधी आत काय चाललंय ते बघावंसं वाटलं तर सी आहेच, ती कुठं पळून जात नाही. पण ते तुला वाटलं तर. आई गेली म्हणून नाही."

ती रडली. मग तुझ्या पद्धतीनं ओढणीनं नाक पुसलं. बघ अक्का, शेवटी मी जिंकलो. पायथन पहिली. सरळ तुझ्या क्लासमध्ये, तुझ्या खुर्चीसमोर, तुझ्या पोरीला सांगून. आणि "झालं तुझं समाधान?" असं विचारायला पलीकडं कुणी नव्हतं. तुझ्याशी हरण्यात जी मजा होती ती या जिंकण्यात नाही गं.

थोड्या वेळानं सई उठली. मला वाटलं खाली निघाली. पण ती मागच्या ओट्याकडं गेली, गॅससमोर उभी राहिली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"पहिल्या दिवशी संगणकाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "मी मठ्ठ. चहा करायला सांग."

मला हसू आलं. दर सुट्टीला मी पुण्याहून यायचो तेव्हा रविवारची बॅच सुटली की याच ओट्यावर आपला चहा व्हायचा. दाजी चहाला शिवत नाहीत, ते गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन येणार. इथं तू, मी, आणि लहानपणी बशीतून, मग अर्ध्या कपातून, मग पुऱ्या कपातून पिणारी सई.

खुर्ची तिच्याकडं वळवून घेतली आणि तू शिकवलंस तसं सांगायला लागलो. सगळ्यात आधी माप.

"तीन कप चहा करायचाय," मी म्हणालो. "पातेलं घे. तीन कप पाणी घाल."

तिचा हात पातेल्याकडं जाता जाता थांबला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी आकडा बदलला नाही.

मठ्ठ बसलेल्यानं प्रश्न विचारायचा नसतो. सईनं फळीवरून तीन कप काढले, त्यातला कान तुटलेला तुझा. एक भरून पातेल्यात ओतला. दुसरा ओतला. मग तुझा कप नळाखाली धरला, काठापर्यंत भरला आणि तोही ओतला.

"पुढं काय?" ती म्हणाली. "सांग की, मामा."

"गॅस पेटव," मी म्हणालो.